विमानाची मढवण

श्रोतेहो, विमानाचा इतिहास सांगावयाचा म्हणजे इंजिनाचा इतिहास सांगावयाचा, असा एक प्रघात पडून गेला आहे. अश्वशक्ती किती, वेग किती, उंची किती, याची कोष्टके मांडली की वक्त्याचे काम झाले व श्रोत्यांचेही समाधान झाले. आम्ही आज एका उपेक्षित अंगाकडे आपले लक्ष वेधणार आहोत. विमानाच्या सांगाड्यावर जे आवरण असते, त्याच्या कातडीचा हा इतिहास आहे. आपल्या भाषेत त्याला एक नेमका शब्द आहे, तो म्हणजे मढवण. पखवाज मढवतात, डफ मढवतात, तसेच विमान मढवीत असत. छंद म्हणून लहान विमाने करणारे लोक आजही ती मढवितात.

डफाचे उदाहरण आम्ही केवळ शब्दासाठी घेतलेले नाही. शाहीर पोवाड्याला उभा राहण्यापूर्वी डफ विस्तवावर शेकून घेतो, हे आपण पाहिले असेल. हवेतील ओल खाऊन कातडे सैलावते. शेक लागला की ओल उडते, कातडे आकसते, आणि चौकट मजबूत असल्याने त्या आकसण्याचा ताण होतो. नाद निघतो तो या ताणामुळे. विमानाच्या पंखालाही हाच ताण हवा असतो. पंखाच्या फासळ्यांमधील आवरण ढिले राहिले, तर ते हवेत फडफडते, पंखाचा आकार बिघडतो आणि ज्या आकारामुळे हवा पंखाला वर उचलते, तो आकारच नाहीसा होतो. हलके पण ताठ, पातळ पण न फाटणारे आवरण कसे मिळवावे, हा प्रश्न विमानविद्येच्या जन्मापासून तिच्या मागे लागलेला आहे.

1878 साली अमेरिकेत बिशप मिल्टन राइट यांनी आपल्या दोन धाकट्या मुलांसाठी एक खेळणे आणले. कॉर्क, बांबू आणि कागद यांचे ते भिरभिरे रबराला पीळ देऊन सोडले की वर छताकडे उडे. मूळ कल्पना फ्रान्समधील आल्फाँस पेनो यांची. याच पेनोंनी 18 ऑगस्ट 1871 रोजी पॅरिसच्या त्विलरी उद्यानात रबराच्या पिळावर चालणारे छोटे विमान अकरा सेकंद उडवून दाखविले होते. तेव्हा लहान विमान मोठ्या विमानाची नक्कल आहे, ही आपली समजूत उलटी आहे. लहान विमान आधी उडाले. मोठे त्याच्या मागून बत्तीस वर्षांनी आले.

ते खेळणे मिळालेली दोन मुले, विल्बर आणि ऑर्व्हिल, पुढे काय झाली हे सर्वांस ठाऊकच आहे. परंतु त्यांच्या कापडाची हकीकत फारशी कोणी सांगत नाही. 1900 साली ते किटी हॉकच्या वाळूत आपले पहिले मोठे ग्लायडर घेऊन गेले, तेव्हा त्याचे पंख सॅटिनसारख्या दिसणाऱ्या सुती कापडाने मढविलेले होते. पंखांचे माप ऐनवेळी बदलावे लागले, म्हणून विल्बरने गावच्या टेट कुटुंबातील बाईंचे शिलाईयंत्र मागून घेतले आणि स्वत: बसून कापड बेतले. हंगाम संपला, ग्लायडर टाकून दिले गेले. टेटबाईंनी त्याचे कापड उसवून आणले आणि आपल्या दोन मुलींना त्याची झबली शिवली. ज्या कापडाने माणसाच्या उड्डाणाची पहिली पावले पाहिली, ते शेवटी दोन पोरींच्या अंगावर गेले. आम्हांला तर यात काहीच कमीपणा वाटत नाही. कापडाचा हा अंगावरून पंखावर आणि पंखावरून अंगावर असा प्रवास पुढेही अनेकदा घडला आहे.

1903 च्या विमानासाठी राइट बंधूंनी 'प्राइड ऑफ द वेस्ट' नावाचे कोरे सुती कापड घेतले. अमेरिकेत त्याला मस्लिन म्हणत; पण ढाक्याची मलमल डोळ्यांसमोर आणू नये, हे त्याहून पुष्कळ जाड. स्त्रियांची आतली वस्त्रे शिवण्यासाठी ते खपत असे. ते त्यांनी सरळ न लावता उरेब कापून लावले, म्हणजे कापडाचे उभे-आडवे धागे पंखावर तिरपे आले. शिंप्याच्या कोणाही शिकाऊ पोराला ठाऊक असते की, कापड धाग्याच्या दिशेने ओढले तर ताणत नाही, उरेब ओढले तर ताणते. तिरप्या धाग्यांनी पंखाला आडव्यातिडव्या पट्ट्यांप्रमाणे आधार दिला. 17 डिसेंबर 1903 रोजी या विमानाने पहिल्या खेपेस बारा सेकंदांत 120 फूट अंतर काटले. त्या कापडावर कसलेही रोगण नव्हते. पंख केवळ शिलाईच्या व बेतण्याच्या कौशल्यावर ताठ राहिले होते.

पण बारा सेकंदांसाठी जे पुरते, ते बारा तासांसाठी पुरत नाही. कोरे कापड पाणी पिते, दव पडले की सैल होते आणि त्याच्या छिद्रांतून हवा पाझरते. यावर 1910 च्या सुमारास जो उपाय निघाला, त्याला 'डोप' म्हणतात. हे एक प्रकारचे पातळ रोगण. कापसातील सेल्युलोजवर रासायनिक क्रिया करून तयार केलेला पदार्थ एखाद्या उडून जाणाऱ्या द्रवात विरघळवायचा व कापडावर ब्रशाने फासायचा. द्रव उडून जातो, मागे राहिलेला पापुद्रा आकसतो आणि आकसताना धाग्यांना घेऊन आकसतो. तीन-चार हात दिले की बोटाने टिचकी मारताच आयर्लंडच्या लिननचे ते आवरण डफासारखे वाजू लागते. येथे कापड आकसत नाही, त्याच्यावरचे रोगण आकसते, एवढा भेद लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता या उपायाची किंमत काय पडली ते पाहू. डोपचा पहिला प्रकार सेल्युलोज नायट्रेटचा. 1846 साली बाझेल येथे शोनबाइन यांनी जो स्फोटक कापूस शोधून काढला, त्याचाच हा सौम्य भाऊबंद. आवरण उत्तम ताणले जाई. मात्र ठिणगी पडली की भडका उडे. वर पेट्रोलची टाकी, समोर शत्रूची गोळी, आणि ब्रिटिश वैमानिकाजवळ हवाई छत्री नाही, अशा स्थितीत याचा अर्थ काय होत असेल, हे आम्ही वर्णन करून सांगण्याची गरज नाही. म्हणून दुसरा प्रकार पुढे आला, सेल्युलोज ॲसिटेटचा. हा सावकाश जळतो. वैमानिकाच्या दृष्टीने ही मोठीच सुधारणा झाली.

पण ॲसिटेट विरघळविण्यासाठी जो द्रव वापरला गेला, तो टेट्राक्लोरोइथेन होता. त्याला क्लोरोफॉर्मसारखा गोडसर वास येतो. त्याची वाफ हवेहून जड असल्याने ती खाली साचून राहते. खिडक्या वरच्या बाजूस असून भागत नाही. डोप सुकण्यासाठी खोली उबदार व बंद ठेवावी लागे, आणि त्याच बंद खोलीत पंखांवर ब्रश फिरविणारी माणसे दिवसाचे दहा-दहा तास उभी असत. पुरुष आघाडीवर गेलेले असल्याने त्यांत पुष्कळ स्त्रिया होत्या. प्रथम गुंगी येई, अन्नावरची वासना जाई, मळमळ सुटे. मग डोळे व कातडी पिवळी पडे. यकृताचा नाश होऊन काही जणी व काही जण मरण पावले. युद्धापूर्वीच जर्मनीत असे रुग्ण आढळले होते. 1914 च्या अखेरीस लंडनजवळील हेंडन येथे तेच दिसू लागले. विल्यम विलकॉक्स या वैद्याने तपास केला, प्राण्यांवर प्रयोग झाले, आणि 1915 साली ही कावीळ साथीची नसून या द्रवाच्या विषाची आहे, हे प्रसिद्ध झाले. थॉमस लेग हे कारखान्यांचे वैद्यकीय निरीक्षक या कामात होते. 1 जानेवारी 1916 पासून अशी प्रत्येक विषजन्य कावीळ सरकारास कळविण्याचे बंधन ब्रिटनमध्ये घातले गेले आणि त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत या द्रवाचा वापर जवळजवळ बंद झाला.

युद्धाच्या इतिहासात रणांगणावर पडलेल्या वैमानिकांची नावे दगडावर कोरलेली आहेत, आणि ती असावीत. परंतु तेच पंख ताणताना ज्यांचे प्राण गेले, त्यांचा उल्लेख शोधायचा तर वैद्यकाची जुनी मासिके उघडावी लागतात, आणि तेथेही त्या स्त्रिया बहुधा रुग्ण म्हणून, वय व लक्षणे एवढ्यापुरत्याच उरल्या आहेत. वैमानिक जळू नये म्हणून रोगण बदलले. बदललेले रोगण कामगाराला मारते हे कळल्यावर द्रव बदलला. या दोन सुधारणांत एकीचे श्रेय सर्वांच्या तोंडी आहे, दुसरीचे कोणाच्याच नाही. हा न्याय आम्हांस काही पटत नाही.

ॲसिटेट तर पुरेसे हवेच होते. म्हणून ब्रिटिश सरकारने बाझेलच्या हेन्री व कामिल ड्रायफस या बंधूंना पाचारण केले आणि डर्बीजवळ स्पाँडन येथे कारखाना उभा राहिला. तो पुरत्या जोमाने चालू लागतो न लागतो तोच 1918 साली युद्ध संपले! विमानांची मागणी बसली आणि ॲसिटेटचे ढीग उरले. ड्रायफस बंधूंनी मग त्याचे धागे काढले आणि 1921 पासून 'सेलानीज' नावाचे कृत्रिम रेशीम बाजारात आले. पंखांवरचे रोगण अशा रीतीने स्त्रियांच्या पोशाखात शिरले. टेटबाईंनी घरी जे केले, तेच येथे कारखान्याने केले म्हणा ना.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात डोपचे राज्य निर्वेध चालले. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईच्या जुहू धावपट्टीवर उतरले, ते पस मॉथ विमान कापडाने मढविलेलेच होते. दुसऱ्या महायुद्धातील हरिकेनचे शेपटाकडील अर्धे अंगही कापडाचेच. धातूची विमाने आली तरी कापडाने जागा सोडली नव्हती. एक गंमत सांगावीशी वाटते. मॉस्किटो हे ब्रिटिशांचे लाकडी विमान फार वेगवान म्हणून गाजले. त्याच्या प्लायवुडवर एक सुती कापड ताणून डोप दिलेला असे. त्या कापडाचे नाव मदापोलम. हे नाव आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूरला लागून असलेल्या माधवाय्यपालेम या गावावरून पडले; ईस्ट इंडिया कंपनीची कापडाची वखार तेथे होती. बर्लिनवर घिरट्या घालणाऱ्या विमानाच्या अंगावर तेलुगू विणकरांच्या गावाचे नाव होते!

छोट्या विमानांकडे वळू. इक्वेडोरचे बालसा लाकूड पिसासारखे हलके आणि सुरीने कापता येणारे. त्याच्या फासळ्यांवर जपानी कागद चिकटवायचा. तुतीवर्गातील झाडाच्या लांब तंतूंचा हा कागद दिसायला पतंगाच्या कागदासारखा, पण ओल्यातही दम धरणारा. त्यावर पाण्याचा तुषार मारायचा, सुकताना तो ताणतो, मग पातळ डोप. मोठ्या विमानाला रेशीम. डोप आकसणे थांबवीत नाही, महिनोन् महिने आकसतच राहतो, आणि नाजूक पंखाला पीळ पाडतो. म्हणून जाणते लोक त्यात एरंडेलाचे चार थेंब घालीत. आमच्या कोकणात व मुंबईत आणखी एक पीडा. पावसाळ्यात डोप लावला की द्रव उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतील पाणी त्यावर बसते आणि आवरण दुधासारखे पांढरे पडते. सारांश, आषाढ-श्रावणात हे काम हाती घेऊ नये. त्यात घरभर पसरणारा वास, आणि दर हाताला सुकण्याची वाट पाहणे. दुसऱ्या महायुद्धानंतर छोटी इंजिने मेथिल अल्कोहोल व एरंडेल यांच्या मिश्रणावर चालू लागली, तेव्हा तर सांडलेल्या इंधनाने नायट्रेटचा डोपच विरघळू लागला.

तोड निघाली ती पुन्हा अंगावरच्या कापडातून. 1941 साली मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमधील व्हिनफील्ड व डिक्सन यांनी पॉलिएस्टरचा धागा शोधून काढला. हेच ते टेरिलीन, ज्याची आपल्याकडील टेरिकॉटच्या सदऱ्यांनी एक पिढी गाजविली. याच पदार्थाचा पातळ पापुद्राही काढता येतो. 1950 च्या दशकात अमेरिकेत 'मायलार' आणि ब्रिटनमध्ये 'मेलिनेक्स' या नावांनी तो विकला जाऊ लागला. तो तयार करताना उभा व आडवा असा दोन्ही दिशांनी तिप्पट-चौपट ताणतात. आत वेटोळी करून पडलेले लांबच लांब रेणू त्यामुळे सरळ होतात आणि तशाच स्थितीत गार होऊन थिजतात. पुन्हा उष्णता दिली की त्यांना हालचाल करता येते व ते आपल्या मूळ वेटोळ्याकडे परतू पाहतात; पापुद्रा आकसतो. डफाचे कातडे ओल गेल्याने आकसते, लिनन रोगणामुळे आकसते; येथे आवरण स्वत:च, आपल्या अंगच्या ओढीने आकसते. रोगणाची जरूरच उरली नाही.

मोठ्या विमानांसाठी पॉलिएस्टरचे विणलेले कापड आले. सुमारे 120 ते 175 अंश सेल्सिअस तापविलेल्या इस्त्रीने ते ताणतात. छोट्या विमानांसाठी 1960 च्या दशकात शिकागोच्या टॉप फ्लाइट कंपनीने 'मोनोकोट' काढला. पापुद्र्याच्या पाठीवर रंग आणि उष्णतेने चिकटणारा गोंद आधीच दिलेला, गोंदावर सोलून काढण्याचा कागद. कपड्यांची इस्त्री पुरे. पुढे याच जातीची इतर आवरणेही निघाली. काही पॉलिप्रॉपिलीनची असतात, त्यांना शेक कमी लागतो.

हे काम दिसते तितके सोपे नाही, हे मात्र सांगितले पाहिजे. आधी लाकूड पॉलिशपेपरने घासून इतके गुळगुळीत करावे लागते की बोटाला काही जाणवू नये. डोपखाली बारीक खड्डा झाकला जाई. पापुद्र्याखाली धुळीचा कणही टेंगळासारखा दिसतो. प्रथम पंखाची खालची बाजू मढवावी, मग वरची, म्हणजे सांधा खाली जातो व दृष्टीआड राहतो. कडा आधी चिकटवाव्यात. शंभर अंशांच्या थोडा वर शेक गोंद धरण्यास पुरतो. मधला भाग ताणण्यास दीडशेच्या आसपास लागतो. या दोन अंकांमधील फरकातच सारी कारागिरी आहे. घाईने मधूनच जोराचा शेक दिला, तर न चिकटलेली कड सुटून आत ओढली जाते. त्याहूनही अधिक दिला, तर डोळ्यांदेखत भोक पडते. एकच बाजू पुरती ताणून मोकळे झालात तर पंख त्या बाजूस वाकणार. म्हणून थोडे खाली, थोडे वर, असे आलटूनपालटून ताणीत जावे. बंद कप्प्यातील हवा तापून फुगते, तिला वाट म्हणून टाचणीने बारीक भोक ठेवावे. यदाकदाचित पंखाला पीळ पडलाच, तर हाताने त्याला उलटा पीळ देऊन धरावे व तसाच शेक द्यावा. आवरण नव्या आकारात आकसते आणि पंख सरळ होतो. डोपच्या काळात पिळलेला पंख बहुधा पिळलेलाच राही, तेव्हा ही सोय लहान नव्हे. उन्हात ठेवलेल्या विमानाचे गडद रंगाचे आवरण सुरकुतते. त्यावर पुन्हा इस्त्री फिरविली की झाले.

मग जुने सगळे वाईट आणि नवे सगळे चांगले काय? आमचे मत तसे नाही. रेशीम व डोप यांचे आवरण लाकडाशी एकजीव होई आणि पंखाला पिळवटू न देण्याचे अर्धे काम तेच करी. पापुद्रा वरवर चिकटतो. तो पंखाला झाकतो, त्याला बळ फारसे देत नाही. म्हणून पापुद्र्यासाठी सांगाडाच अधिक मजबूत करावा लागतो. एकदा फाटू लागला की फाटतच जातो. कित्येक जाणते लोक अजूनही रेशमाला चिकटून आहेत, ते हट्टाने नव्हे. पण दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हाती काय द्यावे असे कोणी विचारले, तर आम्ही इस्त्री व पापुद्राच देऊ. दारे लावून घेऊन मुलाने डोपच्या वाफा हुंगाव्यात, हे हेंडनची हकीकत वाचलेल्या माणसाला सांगवणार नाही.

या पापुद्र्याने एकदा माणसालाही उचलले. पॉल मॅकक्रेडी हे लहानपणी छोट्या विमानांच्या स्पर्धा जिंकणारे अमेरिकन अभियंते. माणसाच्या पायांच्या बळावर विमान उडवायचे, तर ते अवाढव्य आणि तरीही हलके हवे, हे त्यांनी ओळखले. त्यांचे 'गॉसमर अल्बट्रॉस' पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत सुमारे 30 मीटर होते आणि त्याचे वजन होते अवघे 32 किलो. सांगाडा कार्बनतंतूंच्या नळ्यांचा, मढवण मायलारच्या पारदर्शक पापुद्र्याची. 12 जून 1979 रोजी ब्रायन ॲलन यांनी सायकलसारखे पायटे मारीत ते इंग्लंडच्या किनाऱ्यावरून फ्रान्सला नेले. 35.8 किलोमीटर, दोन तास एकोणपन्नास मिनिटे. सत्तर वर्षांपूर्वी, 1909 मध्ये, ब्लेरिओंनी इंजिनाच्या जोरावर हीच खाडी सदतीस मिनिटांच्या आसपास ओलांडली होती; वेगात ॲलन हरले खरे, पण इंधनात जिंकले.

आणि राइट बंधूंच्या त्या कापडाचे काय झाले? 1903 चे विमान इंग्लंडला पाठविण्यापूर्वी, 1927 साली, ऑर्व्हिलने ते नव्याने त्याच जातीच्या कापडाने मढविले. मूळ कापडाचे तुकडे जपून राहिले. त्यांतला एक 1969 च्या जुलै महिन्यात नील आर्मस्ट्राँगबरोबर चंद्रावर जाऊन आला. आणखी एक, टपालाच्या तिकिटाएवढा, 'इंजेन्युइटी' या छोट्या हेलिकॉप्टरच्या सौरपट्टीखाली एका तारेभोवती चिकटपट्टीने गुंडाळला होता. 19 एप्रिल 2021 रोजी ते मंगळाच्या विरळ हवेत उडाले. जानेवारी 2024 मध्ये त्याच्या पात्यांना इजा होऊन त्याची उड्डाणे थांबली. डेटनच्या बाजारात लुगड्यांच्या आतल्या वस्त्रांसाठी विकले जाणारे ते कोरे कापड आज मंगळावरच आहे.